वाळूत सापडलेले सोने कोणाचे?

ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांस खाडी आहे, परंतु तिचा काठ चिखलाचा. म्हणून तेथील पुष्कळ कुटुंबे सुटीच्या दिवशी उत्तन, अर्नाळा किंवा केळवे येथील वाळूच्या किनाऱ्यावर जातात. तेथे पाण्याने गार पडलेल्या बोटातून अंगठी गळते, लाटेच्या ओढीने साखळीची कडी उघडते, आणि परतीच्या आगगाडीत कोणाच्या तरी ते ध्यानात येते. अशा वस्तू शोधण्याकरिता धातुशोधक यंत्र, ज्यास लोक मेटल डिटेक्टर म्हणतात, ते घ्यावे असे कोणाकोणा तरुणाच्या मनात येते. कोणते यंत्र घ्यावे, हा त्याचा प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो सुटल्यावाचून पहिल्याचे उत्तर नीट देता येत नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम यंत्राविषयी सांगतो. त्याच्या टोकास तारेचे वेटोळे असते. त्यातून विजेचा प्रवाह सोडला म्हणजे वाळूतील धातूतही क्षणभर प्रवाह उठतो, व यंत्र आवाज करून ते कळविते. कोरड्या वाळूत एकाच कंपनसंख्येचे साधे यंत्र पुरते. परंतु खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू स्वतःच वीज वाहून नेते. म्हणून तेथे ते व्यर्थ आवाज करीत राहते. विजेचे ठोके सोडणारे, पल्स इंडक्शन नावाचे यंत्र तेथे शांत राहते; मात्र खिळा कोणता व अंगठी कोणती, हा भेद त्यास फारसा कळत नाही. अनेक कंपनसंख्यांचे यंत्र दोन्ही कामे बरी करते, पण त्यास पैसा अधिक पडतो. कित्येक यंत्रांचे केवळ वेटोळेच पाण्यात चालते, वरची पेटी चालत नाही, हेही आधी विचारावे. शिवाय सोन्याची लहान अंगठी आणि डब्याच्या झाकणाची ॲल्युमिनियमची कडी यांचा आवाज जवळजवळ सारखाच येतो. जो कचऱ्याचा कंटाळा करून तो आवाज बंद करतो, त्याच्या हातून अंगठीही निसटते.

इतके कळले तरी एक गोष्ट कोणतेही यंत्र सांगत नाही. येथे धातू आहे, असे ते सांगते. तो कोणाचा आहे, हे सांगत नाही. ते शोधणे माणसाकडेच राहते.

वाचकहो, टाकलेले व पडलेले या दोहोंत मोठे अंतर आहे. आगगाडी पुलावरून जाताना कोणी खाडीत नाणे टाकतो. त्याने आपल्या इच्छेने त्यावरील हक्क सोडला. ते बुडी मारून काढणाऱ्या मुलास कोणी दोष देणार नाही. सराफाच्या दुकानातील केर विकत घेऊन त्यातून सोन्याचे कण काढणारा झारेकरीही निर्दोष आहे, कारण केर देणाऱ्याने तो राजीखुशीने दिला. परंतु ज्या बाईचे मंगळसूत्र लाटेत गेले, तिने ते सोडलेले नाही. ते तिच्या गळ्यात नाही, एवढेच. वाळूने झाकल्यामुळे वस्तूचा धनी बदलत नाही.

देशाचा कायदाही हेच सांगतो. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे सापडलेली वस्तू जवळ ठेवणाऱ्याने ती ठेवीसारखी सांभाळावी लागते. ज्यास मौल्यवान अंगठी सापडली व मालकाचा शोध न करता ज्याने ती तत्काळ विकली, तो अपराधी होय, असे उदाहरण १८६० च्या दंडसंहितेत दिले होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ते आहे. जमिनीत पुरलेले धन दहा रुपयांहून अधिक किमतीचे असल्यास कलेक्टरांस लेखी कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो. आणि शेजाऱ्याचा बैल, गाढव किंवा वस्त्र सापडले तर तो शोधीत येईपर्यंत आपल्या घरी राखावे, ही मोशेच्या नियमशास्त्रातील आज्ञा आपल्या वाचकांस ठाऊक आहेच.

यावर कोणी म्हणेल, "सागर एवढा मोठा, माणसे हजारो, मालक कोठे शोधावा? आणि ज्याने उन्हात दिवसभर श्रम केले, त्या गरिबाने रिकाम्या हाताने जावे काय?" हा आक्षेप हसून टाकण्याजोगा नाही. परंतु श्रमाने मजुरीचा हक्क उत्पन्न होतो, वस्तूचा होत नाही. मजुरीची सोय कायद्यानेही केली आहे: मालकाने बक्षीस जाहीर केले असेल तर शोधणारा ते हक्काने मागू शकतो, आणि शोधास लागलेला खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवू शकतो. मालक शोधणेही वाटते तितके अशक्य नाही. अंगठीच्या आत पुष्कळदा नाव व तारीख कोरलेली असते. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या नव्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांची खूण असते. तिजवरून सराफ कोण हे कळू शकते, व सराफास आपला गिऱ्हाईक आठवू शकतो. काहीच सुगावा न लागल्यास वस्तू पोलीस ठाण्यात देऊन पावती घ्यावी.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकाईन नावाच्या जहाजाचा स्फोट झाला. त्यात दारूगोळ्याबरोबर सोन्याच्या विटाही होत्या. त्यांपैकी एक वीट दूर उडून एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून पडली. ती त्यांनी सरकारच्या स्वाधीन केली. सोने आकाशातून घरात पडले तरी ते आपले झाले नाही, इतके त्यांस स्पष्ट दिसले. वाळूतून निघालेल्या सोन्याविषयी निराळा न्याय कसा लागेल?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. ज्यास परक्याचे सोने गुपचूप गोळा करावयाचे आहे, त्यास सर्व किनारा धुंडाळावा लागतो. म्हणून त्यास सर्वांत महागडे यंत्रही अपुरेच वाटेल. परंतु हरविणाऱ्याच्या बोलावण्यावरून, ठरलेल्या मजुरीने शोध करणाऱ्यास जागा मालकच दाखवितो. नुकतीच पडलेली वस्तू बहुधा फार खोल नसते. त्यास ओल्या खाऱ्या वाळूत टिकणारे मध्यम प्रतीचे यंत्र, एक चाळणी आणि ओहोटीच्या वेळेचे ज्ञान एवढे पुरे. त्यासोबत त्याने एक भिंग व एक वही अवश्य घ्यावी: भिंग कोरलेली अक्षरे वाचण्यास, आणि वही काय, कोठे व केव्हा सापडले ते लिहिण्यास. ज्या तरुणास ही वही कोणासही दाखविता येईल, त्याने यंत्र खुशाल घ्यावे. ज्यास ती लपवावीशी वाटेल, त्याने आपले पैसे जवळच ठेवावेत.