गिधाडाच्या घरट्याची राखण

रायगड जिल्ह्यातील म्हसळा तालुक्यात चिरगावचे ग्रामस्थ व महाडच्या 'सीस्केप' संस्थेचे स्वयंसेवक यांनी गिधाडांची घरटी राखली. मादी वर्षाला एकच अंडे घालते; म्हणून प्रत्येक घरट्याची नोंद मोलाची. गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसावाटे गिधाडांच्या पोटात गेले, मूत्रपिंडे निकामी झाली आणि देशभर त्यांचे थवेच्या थवे नाहीसे झाले. पशूंसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली.

हा पक्षी का राखावा? तो मढी साफ करतो, हे उत्तर खरे आहे. पण ते मला अपुरे वाटते. उद्या हे काम यंत्राने केले, तर राखण थांबवावी काय? लेवीयाच्या ११ व्या अध्यायात गिधाड अमंगळ ठरले, तेही माणसाच्या ताटापुरते. ईयोबाच्या ३९ व्या अध्यायात कड्यावर घरटे बांधणाऱ्या, रक्त पिणारी पिले वाढवणाऱ्या पक्ष्याविषयी परमेश्वर विचारतो. आपण तेथे 'गरुड' वाचतो. मूळ इब्री 'नेशेर' हा शब्द मात्र गिधाडालाही लागू पडतो. तेथे उपयोगाची गोष्टच नाही. ईयोबाला काही करावयास सांगितलेले नाही, केवळ पाहावयास लावले आहे. घरट्याखालचा स्वयंसेवकही पिलाला हात लावीत नाही; दुर्बिणीतून पाहतो, वहीत लिहितो आणि परततो.