ताम्हनातला शाळिग्राम

देव्हाऱ्यापुढे बसा. निरांजन मंद तेवत असू द्या.

ताम्हनातला शाळिग्राम उचला आणि उजव्या तळहातावर ठेवा. घरात शाळिग्राम नसेल, तर नदीतला एखादा काळा, गुळगुळीत गोटाही चालेल. मूठ मिटू नका. त्याचं वजन हाताला कळू द्या.

थंड आहे. थोडा वेळ थंडच राहू द्या.

श्वास आत. श्वास बाहेर.

शाळिग्राम काळी गंडकीच्या पात्रातून येतो. नेपाळात, मुस्तांगच्या उंच, उघड्या मुलखातून. तिथून पुढे नदी धौलागिरी आणि अन्नपूर्णा यांच्या मधल्या घळीत उतरते. दोन्ही अंगांना 8 हजार मीटरांहून उंच शिखरं.

अंगठा हळूच फिरवा. कुठे चक्र लागतं का, पाहा. बाहेरून आत, आत, आणखी आत वळत गेलेल्या रेषा.

हे चक्र म्हणजे एका सागरी जिवाचा शंख. अमोनाइट त्याचं नाव. सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वी तो टेथिस समुद्रात पोहतो, मरतो, तळाच्या मऊ गाळात विसावतो. वर आणखी गाळ बसतो. गाळाचा दगड होतो.

त्या तळाशी क्षणभर बसा. अंधार. वरून सावकाश, अगदी सावकाश उतरणारा गाळ.

श्वास आत. श्वास बाहेर.

दूर दक्षिणेला एक भूखंड सुटा होतो. आपला. टेथिसचा तळ आशियाच्या कडेखाली वाकून खोल बुडत जातो आणि मागे जोडलेल्या या भूखंडाला ओढत राहतो. अगदी वेगात असतानाही वर्षाला 15 सेंटिमीटर किंवा थोडं अधिक. वीतभर म्हणा. वाटेतच त्याच्या पश्चिम अंगावर लाव्हा पसरतो. सह्याद्रीचा काळा कातळ तो हाच. त्याच सुमारास अमोनाइटांचं कूळ समुद्रांतून संपतं.

शंख मात्र गाळात आहे. तसाच.

समुद्र अरुंद होतो. आणखी अरुंद. सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वी किनाऱ्याला किनारा लागतो.

भूखंड समुद्रतळाइतका जड नसतो. तो बुडत नाही. अडतो. आणि रेटा थांबत नाही.

दुधावरची साय चमच्याने कडेला सारताना तुम्ही पाहिली आहे. आधी ती थरथरते. मग गोळा होते, घडीवर घडी चढते. डोळे मिटून तेवढंच पाहा.

समुद्रतळाचे थर असेच दुमडतात, सोलवटून निघतात, एकमेकांवर चढतात. शंख त्यांच्यासोबत वर निघतो. एव्हरेस्टच्या माथ्यावरही समुद्रातच साचलेली चुनखडी आहे.

पर्वत उभा आहे, असं आपण म्हणतो. मला आता तो शब्द अपुरा वाटतो.

दगडाशेजारी तुमच्या बोटाचं नख आहे. त्याच्याकडे पाहा. भारताचा भूपट्ट आजही वर्षाला साधारण 4 ते 5 सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो. वर्षभरात हे नख वाढतं, जवळपास तेवढाच.

पाहत राहा. काही हलताना दिसत नाही.

पाहत राहा.

कधी हा रेटा खडकांत अडकून बसतो. वर्षानुवर्षं साठत जातो. 25 एप्रिल 2015 रोजी नेपाळच्या भूकंपात तो मिनिटाभरात सुटतो. सुमारे 9 हजार माणसं जातात.

इथे थांबा. घाई नको. एक श्वास त्यांच्यासाठी.

आता हाताकडे या. दगड मघाइतका थंड नाही. तुमची ऊब त्यात उतरली आहे.

तो अलगद ताम्हनात ठेवा. पळीभर पाणी घाला.

पाणी चक्राच्या कडेकडेने आत शिरतं. थोडा वेळ ते तिथेच राहू द्या.