स्वतःच्या डोक्यातील तळे

राकुगो ही एकट्या कथाकाराने बैठकीवर बसून गोष्ट सांगण्याची जपानमधील, एदो काळापासून चालत आलेली विनोदी परंपरा. तिच्यातील एका कथेत एक कवडीचुंबक माणूस, टाकून देणे जिवावर येते म्हणून, चेरीच्या बियाही गिळतो आणि त्याच्या डोक्यावर चेरीचे झाड उगवते. फुले पाहायला लोक लोटतात, खातात-पितात, धुडगूस घालतात. वैतागून तो झाड मुळासकट उपटतो. खड्डा पडतो, त्यात पाणी साचते, आणि लोक पुन्हा येतात. अखेर तो स्वतःच्याच डोक्यातील तळ्यात उडी घेऊन जीव देतो. स्वतंत्रपणे काम करणारे ॲनिमेशनकार कोजी यामामुरा (जन्म १९६४) यांनी ही कथा आजच्या तोक्योत आणून २००२ मध्ये ‘आतामायामा’ (‘डोके-पर्वत’) हा सुमारे दहा मिनिटांचा लघुपट केला. २००३ मध्ये त्याला आनसी महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले व ऑस्करसाठी नामांकनही लाभले.

कृपणतेला झालेली शिक्षा, असा या कथेचा अर्थ सहज लावला जातो. मला तो अपुरा वाटतो. बी गिळणे हा काही देहान्ताचा अपराध नव्हे. शिवाय ज्यांनी त्याच्या डोक्यावर उच्छाद मांडला त्यांना कोणतीच शिक्षा नाही. पायाखालची जमीन म्हणजे एक माणूस आहे, याची त्या गर्दीला फिकीरच नाही. खरा प्रश्न स्वामित्वाचा आहे. ‘माझे डोके’ म्हणताना आपण ‘माझी छत्री’ म्हणतो त्याच व्याकरणाने बोलतो. परंतु छत्री आणि तिचा धनी निराळे असतात. येथे धनी कोण आणि मालमत्ता कोणती? तो माणूस आपल्या डोक्याचे रक्षण पहारेकऱ्याप्रमाणे बाहेर उभा राहून करू पाहतो, आणि बाहेर उभे राहायला त्याला जागाच नाही.

हा पेच राकुगोत झाकलेला राहतो. ‘त्याने स्वतःच्या डोक्यातील तळ्यात उडी घेतली’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे; श्रोता हसतो, कल्पनाचित्र पुरे करण्याची तसदी घेत नाही. भाषेला विसंगती पचते. चित्रकाराला मात्र तो माणूस कागदावर कोठेतरी काढावाच लागतो. म्हणून यामामुरांच्या शेवटात माणसाच्या डोक्यात तोच माणूस, अशी आवर्तने येतात, आणि हसू ओसरते. शामिसेनच्या साथीने कथन करणाऱ्या रोक्योकू-गायक ताकेहारु कुनिमोतो यांचा रांगडा स्वर त्या क्षणापर्यंत आपल्याला गर्दीच्या बाजूला ठेवतो, ही या लघुपटाची चलाखी. (हीच कथा मंद पियानोच्या साथीने सांगितली असती तर आपण पहिल्या मिनिटापासून कनवाळू झालो असतो, आणि काहीच घडले नसते.)

२००७ मधील त्यांच्या ‘फ्रान्झ काफ्काचा खेड्यातला डॉक्टर’ या लघुपटातही गावकरी डॉक्टरचे कपडे उतरवून त्याला रोग्याशेजारी झोपवतात. आवाज क्योगेन या पारंपरिक हास्यनाट्यातील नटांचे आहेत. रेषेत डोकी व देह फुगतात, आक्रसतात. शरीराची सीमा कोठेच ठरत नाही. मात्र डॉक्टर कृपण नाही. बोलावणे आले म्हणून तो हिमवादळात निघाला होता. दोघांच्याही देहावर इतरांनी हक्क सांगितला. एकाने काही द्यायचे नाकारले होते, दुसऱ्याने नाकारले नव्हते.