एकट्याने खेळायचा डाव

२०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळण्यावर बंदी आली, ई-स्पोर्ट्सला खेळाचा मान मिळाला आणि कालपर्यंत व्हिडिओ गेमना व्यसन म्हणणारे आमचे स्तंभलेखक एका रात्रीत क्रीडासमीक्षक झाले. त्यातलाच एक माझा जुना मित्र. त्याचं नाव घेत नाही, कारण तो ते कापून भिंतीला लावेल. त्याचा सिद्धान्त असा: चौघांनी मिळून खेळला तर गेम म्हणजे मैदान, एकट्याने खेळला तर रोग. बीजीएमआय, म्हणजे नव्या नावाची पबजी, खेळणारी पोरं निदान एकमेकांशी बोलतात तरी. दार लावून सिंगल-प्लेअर गेम खेळणारा कुणाशी बोलतो?

कुणाशीच नाही. बोलायलाच हवं असा नियम कुणी केला?

गंमत अशी की हेच मत गेम विकणारेही मांडत आले आहेत. ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’चे फ्रँक गिबो यांनी २०१२ मध्ये अभिमानाने सांगितलं होतं की, निव्वळ सिंगल-प्लेअर अशा एकाही गेमला आपण मंजुरी दिलेली नाही. दहा वर्षांनी त्याच कंपनीने एकट्याने खेळणाऱ्यांची ट्विटरवर टिंगल केली आणि तिच्याच गेम घडवणाऱ्यांनी तिला चारचौघांत झापलं. कंपनीचा हिशेब मला समजतो. एकट्याचा गेम एकदा विकला की व्यवहार संपला; चौघांच्या गेममधल्या पात्राला रोज नवा पोशाख विकता येतो. पण समाजहितचिंतक आणि गल्लेवाला एकाच बाकावर बसलेले दिसले, की चिंतकाने जरा सरकून बसावं.

माझा मित्र पुण्याचा. पुण्यातच ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी’ हा गेम घडवला. २०२०चा. हरवलेल्या भावाला शोधणारी डोंबारी-सर्कशीतली मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांच्या तोंडून सांगितलेली गोष्ट, राजस्थानी वळणाची शिल्पं. पूर्णपणे एकट्याने खेळायचा. पबजी, तिची बंदी, तिचा नव्या नावाने पुनर्जन्म आणि त्यावरची पुन्हा बंदी यांवर रकानेच्या रकाने लिहिणाऱ्या या गृहस्थाने घरापासून रिक्षाच्या अंतरावर घडलेल्या गेमवर एक ओळ लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही.

तरीही त्याच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद आहे. त्याला तो ठाऊक नाही, म्हणून त्याचं वकीलपत्र मलाच घ्यावं लागतंय. रॉजे कायवा या फ्रेंच विचारवंताचं खेळांवरचं पुस्तक १९५८ मध्ये आलं. खेळांचे चार गट पाडणारा कायवा सगळे उद्धृत करतात: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. त्याच पुस्तकातलं खेळांच्या सामाजिक बाजूबद्दलचं प्रकरण मात्र फारसं कुणी काढत नाही. तिथे तो म्हणतो की, एकट्याचा खेळ फक्त दिसायला एकट्याचा असतो. पतंग घ्या, भोवरा घ्या. तोडीस तोड भिडणारा किंवा निदान बघणारा कुणी नसेल, तर खेळणारा लवकरच कंटाळतो. मनातल्या मनात का होईना, त्याला समोर कुणीतरी हवं असतं.

व्हिडिओ गेमचा इतिहास कायवाचीच बाजू घेतो. त्याच १९५८ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी भेटीला येणाऱ्या लोकांचं मन रमावं म्हणून ऑसिलोस्कोपवर टेनिस उभं केलं. खेळाडू दोन. १९६२चा ‘स्पेसवॉर’ दोघांचा, १९७२चा ‘पाँग’ही दोघांचा. पुढे ‘स्पेस इन्व्हेडर्स’सारख्या यंत्रांपुढे एकट्याने नाणं टाकून उभं राहणं रूढ झालं. आणि लगेच काय झालं? १९७९च्या ‘अ‍ॅस्टरॉइड्स’ने जिंकणाऱ्याला आपली तीन आद्याक्षरं गुणफलकावर कोरायची सोय दिली. एकटा खेळला, पण उद्या येणाऱ्या अनोळखी माणसाला दाखवण्यासाठी. आजची पोरं एकट्याने खेळतात आणि ते यूट्यूबवर टाकतात. कायवा असता तर गालातल्या गालात हसला असता.

हा लेख सुरू केला तेव्हा मी एकांताची तरफदारी करणार होतो. ती आता जमत नाही. निव्वळ एकटं कुणी खेळत नसेल, तर वाद एकटं की मिळून हा उरत नाही. सोबत कोणत्या अटींवर, हा उरतो.

बाहेरून हाक येते, ‘अरे, पानं वाढली आहेत.’ स्क्वॉडमधला मुलगा ओरडतो, ‘आई, मॅच चालू आहे गं!’ तो खोटं बोलत नाही. तो उठला तर उरलेले तिघे मरतात. मैदानावरचं क्रिकेटही मधे सोडता येत नाही, हे खरं. पण तिथे अंधार पडतो. लॉबीत अंधार पडत नाही, पुढची मॅच कायम तयार. एकट्याने खेळणारा पॉज दाबतो आणि हात धुवायला जातो. तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्सने खेळाची व्याख्या केली ती स्वेच्छेने पत्करलेल्या अनावश्यक अडथळ्यांची. मी त्यात भर घालीन: जो अडथळा स्वेच्छेने बाजूला ठेवता येत नाही, तो खेळ राहत नाही, नोकरी होतो.

जाणकार वाचक इथे मला पकडतील. ‘डीमन्स सोल्स’मध्ये, २००९च्या त्या छळवादी जपानी गेममध्ये, पॉजच नाही! मान्य. पण तो गेम मला दुसऱ्या कारणासाठी हवा आहे. त्याचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी सांगितलेली एक आठवण आहे. बर्फाने निसरड्या झालेल्या चढावर गाड्या अडकल्या होत्या. मागच्या गाडीने पुढचीला ढकललं, तिच्या मागचीने तिला, आणि अशा सगळ्या वर पोचल्या. आभार मानायलाही कुणी थांबू शकलं नाही, कारण थांबणारा पुन्हा अडकला असता. त्यातून त्यांनी असा गेम रचला की, तुम्ही एकटेच चालता, पण जमिनीवर परक्यांनी लिहून ठेवलेल्या सूचना दिसतात. रक्ताच्या डागाला हात लावला की तिथे कोण कसा मेला ते दिसतं. ग्रंथालयाच्या पुस्तकात आधीच्या वाचकाने पेन्सिलीने केलेल्या खुणांसारखी ही सोबत. ती वाचावी किंवा वाचू नये. खूण करणारा तुमच्यासाठी ताटकळत नाही.

नुसत्या गर्दीवर उभा राहिलेला गेम गर्दीबरोबर जातो. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. गिऱ्हाइकांना पैसे परत. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ तर एकट्याने मजेत खेळता येईल असा गाड्यांचा गेम. पण कंपनीने त्याला सर्व्हरच्या दावणीला बांधलेला. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाला आणि लोकांच्या कपाटातल्या डिस्क निकामी झाल्या. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ची चळवळ उभी राहिली आणि युरोपात दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. माझ्या मित्राला ज्या सामूहिकतेचा इतका पुळका आहे, तिची चावी अशी दुसऱ्याच्या खिशात असते.

मूळ ‘डीमन्स सोल्स’चे सर्व्हर २०१८च्या फेब्रुवारीत बंद झाले. गेम चालू राहिला, एकट्याने शेवटपर्यंत जाता येत होतं. माझ्या सिद्धान्ताप्रमाणे लोकांनी इथे समाधान मानायला हवं होतं. त्यांनी मानलं नाही. चाहत्यांनी पदरमोड करून स्वतःचा खासगी सर्व्हर उभारला आणि अनोळखी लोकांच्या सूचना पुन्हा जमिनीवर उमटवल्या. हे मित्राच्या बाजूने मोजायचं की माझ्या, यावर आमचं भांडण अजून चालू आहे.