दिवसाला दोनच दुकानं

चि. सोनूस,



तुझी यादी पोहोचली. पॅरिसचा मुक्काम पाच दिवसांचा आणि गोडाची दुकानं वीस! वर "मावशी, अजून कुठली राहिलीत का?" हा प्रश्न. राहिलं काहीच नाही. उलट बरंच काढायचं आहे. उत्तम पेस्ट्री म्हणजे लोणी, साय, साखर आणि अंडी. पहिली खाताना जीभ पुरती जागी असते, दुसरीला निम्मी, आणि तिसरीला 'गोड आहे' एवढंच कळतं. त्यापुढे खाणं संपतं आणि नुसते फोटो उरतात. म्हणून दिवसाला दोनच दुकानं घ्या. प्रत्येक दुकानात एकच पदार्थ, तोही तू आणि जावईबापूंनी वाटून.

तुला हा चिक्कूपणा वाटेल, पण यामागे माझा वेगळाच विचार आहे. पॅरिसच्या नामांकित रेस्तराँमधलं दोघांचं रात्रीचं जेवण आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरचं असतं. पण त्याच तोडीच्या हातांनी केलेली एक पेस्ट्री सात-आठ युरोंत मिळते. इतक्या थोड्या पैशांत एवढी वरच्या दर्जाची कारागिरी त्या शहरात दुसरीकडे कुठे हाती लागत नाही. हे काम तिथे लहान वयात शिकायला लागतात. आजचे सर्वांत नावाजलेले पेस्ट्री-कारागीर प्येर एर्मे हे आल्सासमधल्या बेकरीवाल्यांच्या घराण्यातले. चौदाव्या वर्षी ते पॅरिसला गास्तों लनोत्र यांच्या हाताखाली उमेदवारीला लागले. एखाद्या दुकानात कुणाच्या पांढऱ्या डगल्याच्या कॉलरला निळी-पांढरी-लाल पट्टी दिसली, तर जरा थांबून बघ. 'फ्रान्सचा सर्वोत्तम कारागीर' या किताबाची ती खूण आहे. 1924 पासून चालत आलेल्या या स्पर्धेत तावूनसुलाखून निघालेल्यालाच ती पट्टी लावता येते. अशा माणसाचं काम घाईघाईत गिळू नये, एवढंच माझं म्हणणं.

आता निवड कशी करायची ते सांगते. दुकानाच्या नावामागे लागू नकोस. तिथली खासियत कोणती ते विचार आणि तेवढीच घे.

मोंतोर्गय रस्त्यावरचं स्तोरेर यादीत ठेव. 1730 पासून चालू असलेलं हे दुकान पॅरिसमधली सर्वांत जुनी पातिसरी, म्हणजे गोडाचं दुकान, मानलं जातं. पंधराव्या लुईशी लग्न होऊन पोलिश राजकन्या मारी लेश्चिन्स्का 1725 मध्ये फ्रान्सला आली, तेव्हा तिच्याबरोबर आलेला मिठाईवाला म्हणजे निकोला स्तोरेर. तिच्या वडिलांना कोरडा पडलेला केक घशाखाली उतरेना, तेव्हा तो मद्यात भिजवला आणि त्यातून 'बाबा' जन्माला आला, अशी कथा सांगतात. तिथे बाबाच खा. पण लक्षात ठेव, त्यातली रम शिजवून उडवलेली नसते; ती तशीच मुरलेली असते. चालत असेल तरच घ्या.

रिवोली रस्त्यावर, त्युइलरी बागेच्या समोर, 1903 सालचं आंजेलिना आहे. तिथला मों-ब्लाँ प्रसिद्ध आहे : तळाला कुरकुरीत मेरँग, वर फेटलेली साय आणि त्याभोवती चेस्टनटच्या लगद्याच्या शेवया. फार गोड असतो, एकात दोघांचं सहज भागतं. आत बसायला रांग असते. पण बरोबर न्यायच्या काउंटरवर घेऊन समोरच्या बागेतल्या हिरव्या खुर्चीवर बसता येतं. या खुर्च्यांना पैसे पडत नाहीत. डबा घेताना चमचा मात्र आठवणीने मागून घे.

पॅरिस-ब्रेस्त कुठल्याही चांगल्या दुकानात मिळेल. 1891 मध्ये पॅरिस ते ब्रेस्त आणि परत अशी सायकल-शर्यत सुरू झाली. तिच्या मार्गावरच्या मेझों-लाफित गावातल्या लुई द्युराँ या मिठाईवाल्याने 1910 मध्ये सायकलच्या चाकाच्या आकाराचा हा पदार्थ केला. वर बदाम आणि पोटात भाजलेल्या हेझलनटचं क्रीम. त्यात नुसती साखर लागली तर दुकान बेताचं. दाण्यांचा खरपूसपणा मागे रेंगाळला तर उत्तम.

नव्या हातचं काही खायचं असेल तर एर्मे यांचं 'इस्पहान' घ्या : गुलाब, लिची आणि रासबेरी. गुलाबाची चव आपल्याला परकी नाही, त्यामुळे तिचा तोल कसा साधलाय ते तुला इतरांपेक्षा जास्त कळेल. बाकी यादीतली निम्मी नावं फक्त फोनवर गाजलेली आहेत. ज्या दुकानात जायला तासभर रांगेत उभं राहावं लागतं आणि जिथे सगळे आधी फोटो काढतात, ते खुशाल गाळ. खिडकीत चाळीस प्रकार मांडलेल्या दुकानापेक्षा दहा-बारा प्रकार मांडून दुपारपर्यंत ते संपवणाऱ्या दुकानावर मी जास्त भरवसा ठेवीन.

आता पारख. पातिसरी आणि बूलांजरी यांत घोळ करू नकोस. बूलांजरी म्हणजे पावाचं दुकान. 1998 च्या कायद्यानुसार पीठ मळणं, पावाला आकार देणं आणि भाजणं हे सगळं जागेवर होत असेल तरच दुकानाला ते नाव लावता येतं. पण हे बंधन पावापुरतं आहे. क्रोसाँ बाहेरून गोठवून आणलेले असू शकतात, तेव्हा ते डोळ्यांनीच पारखायचे. पाटीवर 'ओ बर', म्हणजे लोण्याचा, असं लिहिलंय का बघ. रंग फिका नको, चांगला तांबूस हवा. मोडल्यावर पापुद्रे उडायला हवेत आणि आत जाळी दिसायला हवी. क्रोसाँ सकाळीच खायचा. संध्याकाळी तो चामट होतो.

मिल-फय म्हणजे आपल्या इराणी बेकरीतल्या खारीची श्रीमंत बहीण समज. पिठात लोणी घालून घडीवर घडी, मग भट्टी, रीत तीच. फरक असा की इथे लोणी अस्सल असतं आणि पापुद्र्यांच्या मध्ये व्हॅनिलाचं क्रीम असतं. पापुद्रा गडद भाजलेला हवा आणि काट्याने कापताना त्याचा आवाज यायला हवा. तो आवाज नसेल तर क्रीमची ओल पापुद्र्यात उतरली, म्हणजे पदार्थ कालचा. वरून दाबून कापलंस तर सगळं क्रीम बाहेर येईल. आडवं पाडून काप.

तुम्ही मे महिन्यात जाताय म्हणजे स्ट्रॉबेरीच्या दिवसांत. फ्रेझिये नावाचा स्ट्रॉबेरीचा केक आणि स्ट्रॉबेरी टार्ट याच दिवसांत खावेत. राजांचा गोल 'गालेत' जानेवारीचा. तिथले चांगले कारागीर ऋतू पाळतात. ऐन मेमध्ये कुणी अंजिराचं टार्ट दिमाखात मांडलं असेल, तर अंजीर आलं कुठून, असा प्रश्न पडू दे. वारही बघून ठेव. बरीच दुकानं सोमवारी बंद असतात, काही मंगळवारीही. रविवारी दुपारनंतर बऱ्याच ठिकाणी काही उरत नाही. 1 मे रोजी तर बहुतेक सगळं बंद.

रीतही सांगते, कारण तिच्यावर बरंच अवलंबून असतं. दुकानात पाऊल टाकल्याबरोबर 'बोंझूर' म्हणायचं, मागणी त्यानंतर. हे न करता थेट इंग्रजीत "धिस वन" म्हणणाऱ्याला तिथे उद्धट समजतात, आणि मग पुढची आठ्या घातलेली वागणूक ओघानेच येते. फोटो काढायचा तर विचार. काचेला बोट लावू नकोस, दुरून दाखव. रांगेत पुढे पोहोचल्यावर "तुला काय हवं, मला काय हवं" ही चर्चा नको. ती बाहेर खिडकीशी उरकून या. टेबलाशी बसून खाल्लंत तर तोच पदार्थ बहुधा महाग पडतो. बिलात सेवेचे पैसे धरलेले असतात, त्यामुळे टिप सक्तीची नाही. साधं पाणी 'काराफ दो' म्हणून मागितलं की फुकट मिळतं. नुसतं 'वॉटर' म्हटलंत तर विकतची बाटली येईल.

आता ताईचं, म्हणजे तुझ्या आईचं. ती अंडं खात नाही आणि तुमच्याबरोबर येणार आहे. तिथे जाऊन "आई, यात अंडं नसावं बहुतेक" असं म्हणून काही खपवू नकोस. तिने आयुष्यभर पाळलेली गोष्ट आहे ती. परदेशात कुणी बघत नाही म्हणून ती सुटत नाही. एक्लेअर, माकारों, मों-ब्लाँ, केक, कस्टर्ड या सगळ्यांत अंडं असतं. क्रोसाँवर चकाकीसाठी बहुधा अंड्याचा हात फिरवलेला असतो. दुसरी मेख जिलेटिनची. मूस, बावारुआ, आरशासारखी चमकणारी वरची झिलई, यांत ते सर्रास असतं आणि युरोपात ते बरंचसं डुकराच्या कातडीचं असतं. अंडं चालणाऱ्या पण मांस न खाणाऱ्या आपल्या लोकांना हे ठाऊकच नसतं. तेव्हा 'साँ झ' आणि 'साँ जेलातिन', म्हणजे अंड्याविना आणि जिलेटिनविना, हे दोन शब्द एका कागदावर फ्रेंचमध्ये लिहून घे आणि दुकानात दाखव. उत्तर चाचरत आलं तर तो पदार्थ सोड.

पण ताईने कोपऱ्यात बसून नुसती कॉफी प्यायची, असंही नको. सँ-लुई बेटावर 1954 पासून बेर्तियों हे आइस्क्रीमचं दुकान आहे. तिथलं सॉर्बे मुख्यतः फळं, साखर आणि पाण्याचं असतं. तरी विचारून घे. सोमवार-मंगळवार ते दुकान बंद असतं. फोबूर मोंमार्त्र रस्त्यावरचं 'आ ला मेर द फामीय' 1761 सालचं आहे. त्याची हिरवी दर्शनी बाजू आणि जुन्या बरण्याच बघण्यासारख्या आहेत. तिथे पात द फ्र्वी मिळतात, म्हणजे फळांच्या रसाच्या, पेक्टिनने धरलेल्या वड्या. डार्क चॉकलेट मिळतं, साखरेत मुरवलेले चेस्टनट मिळतात. हाही अस्सल फ्रेंच खजिना आहे आणि ताईला तो निश्चिंतपणे खाता येईल. शिवाय पाल्म्ये नावाचा पानाच्या आकाराचा खस्ता बहुधा मैदा, लोणी आणि साखर एवढ्यावरच होतो; एकदा खात्री करून तिला दे. शहरात आता पूर्ण व्हीगन पातिसरीही आहेत. तुमच्या दहा दुकानांतली तीन तिच्या सोयीची निवडा, उरलेल्यांत तिला ओढत नेऊ नका.

पैशांचं थोडक्यात. आठ युरो म्हणजे आपले किती रुपये, असा गुणाकार प्रत्येक घासाला केलास तर काहीच गोड लागणार नाही. निघण्यापूर्वीच या खर्चाची वेगळी रक्कम काढ आणि ती संपली की थांब. सहलीतली भांडणं बहुतेक अशाच छोट्या खर्चांवरून होतात.

आणि कृपा करून आमच्यासाठी पेस्ट्री आणू नकोस. क्रीमचा पदार्थ काही तासांचा असतो. तो मुंबईपर्यंत येतो तेव्हा त्याचा फक्त आकार आलेला असतो. माकारों थंड जागी दोन-तीन दिवस तग धरतात, पण शेवटच्या दिवशी घ्यायचे आणि हातातल्या पिशवीत ठेवायचे. आणायचंच असेल तर पात द फ्र्वी, चॉकलेट किंवा प्वालान बेकरीची लोण्याची छोटी बिस्किटं आण. चेस्टनटचं क्रीम, प्रालिनेची बरणी हे विमानतळावर द्रव पदार्थांत धरतात. शंभर मिलिलीटरच्या वरचं चेक-इन सामानात टाक, नाहीतर सुरक्षा तपासणीत तिथेच सोडून यावं लागेल.

शेवटचं एक. खाल्लेल्या प्रत्येक पदार्थाबद्दल त्याच दिवशी दोन ओळी लिहून ठेव : काय होतं, कुरकुरीत काय होतं, मऊ काय होतं, आंबट कुठून आलं. 'मस्त होतं' एवढंच लिहिणार असशील तर लिहू नकोस. चव ओळखायची सवय लागली की ती पॅरिसपुरती राहत नाही. घरच्या श्रीखंडालाही तू मग वेगळी दाद देशील.

तेव्हा यादीतली दहा नावं आजच खोड आणि उरलेली ताईला वाचून दाखव. तिची पसंती आधी, मग तुमची. जावईबापूंना आशीर्वाद सांग.

तुझी,
मावशी