डेम्लो संख्येचे कुलशील

बोरीबंदराहून सुटून चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर ही स्थानके मागे टाकीत जी. आय. पी. रेल्वेची गाडी सुमारे तीस मैलांवरच्या ज्या डोंबिवलीस पोहोचे, तिचे त्या काळचे ‘डेम्लो’ हे नाव गणितातील एका संख्याकुलास कायमचे मिळाले आहे, ही गोष्ट त्या मार्गावर नित्य ये-जा करणाऱ्या चाकरमान्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल. डहाणूस जन्मलेले, १९२९ साली मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झालेले आणि पुढे देवळालीस शिक्षकी पेशात आयुष्य वेचलेले द. रा. कापरेकर यांस त्या स्थानकावर या संख्यांचा ध्यास लागला.

त्या कुलातील एक थोर व्यक्ती म्हणजे नऊ वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येचा वर्ग, १२३४५६७८९८७६५४३२१. ‘लीलावती’तील स्थाननामांप्रमाणे हिचा आद्य अंक ‘मध्य’ या स्थानी, परार्धाच्या केवळ एक पायरी अलीकडे बसतो. तिचे दप्तर उघडले की दोन प्रकारच्या नोंदी आढळतात. ती पूर्ण वर्ग आहे, तीनाचा चतुर्थ घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ या मूळसंख्येचा वर्ग यांचा ती गुणाकार आहे, म्हणून तिचे विभाजक ४५. या नोंदी संख्येच्या रक्तातल्या. उलटपक्षी ती दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येते, आणि तिच्या अंकांची बेरीज ८१ असून ८१ नेच तिला निःशेष भाग जातो, म्हणून ती कापरेकरांच्या परिभाषेत ‘हर्षद’ ठरते, या नोंदी मात्र गिरणीच्या हजेरीपटावरील तिकीट-नंबराप्रमाणे वरून चिकटवलेल्या, दशमान लेखनाच्या आश्रयाने जगणाऱ्या, असे कोणीही म्हणेल. हार्डींसारख्या थोर गणितज्ञाने १९४० साली अशा अंकाश्रयी चमत्कृतींना खऱ्या गणिताच्या दरबारी मज्जाव केला, तो याच न्यायाने.

हा निवाडा मला घाईचा वाटतो. नऊ एकांना नऊ एकांनी गुणताना एकेक घर सरकत जाणाऱ्या नऊ ओळी मांडल्या, तर स्तंभांतील एकांची संख्या क्रमाने नवापर्यंत चढते आणि उतरते. हा चढउतार कोणत्याही लेखनपद्धतीचा मिंधा नाही. पद्धती ठरवते ती फक्त हातचा केव्हा येणार एवढेच. दहा एक घेताच मधल्या स्तंभात दहा जमतात, हातचा सरकतो, आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ अशी सौष्ठव गमावलेली संख्या हाती येते. षोडशमानात हीच वेळ सोळाव्या एकास येते. हर्षदपणाची रुजवात घेतली तर आश्चर्य आणखी वाढते. अष्टमानात सात एकांचा वर्ग करा, अंकांची बेरीज ४९ आणि भाग ४९ नेच. षोडशमानात पंधरा एक घ्या, दोन्हीकडे २२५. पाया कोणताही असो, त्याहून एकाने कमी इतके एक मांडले की त्यांच्या वर्गास हे लक्षण लाभतेच.