चिखल कोणी केला?

बस खाली. वही मागू नकोस, माझं अजून संपलेलं नाही.

सतरा पानांची कथा आणलीस, वर स्वतःच लाल शाईत लिहिलंस, ‘थरारक’. ते वाचणाऱ्याला ठरवू दे. तुझा इन्स्पेक्टर मे महिन्यात तळेगावच्या एसटी आगारात उतरतो, तोही ओव्हरकोट घालून! महामार्गापर्यंत पोचायच्या आत ऊन लागून तोच मरेल. खुनाची गरजच काय मग?

हे मी हसण्यावारी नेलं असतं. पण चौथ्या पानावर तू लिहितोस, मृग बहार धरायचा म्हणून संत्र्याची बाग ताणावर सोडली होती, आणि प्रेताशेजारी चिखलात बुटांचे ठसे. तिथे मी चष्मा काढून पुसला. म्हटलं, पोरगं तयार झालं! ताणावरच्या बागेत महिनाभर पाण्याचा थेंब नाही, पानं मलूल, जमिनीला भेगा. तिथे चिखल? म्हणजे रात्री कोणीतरी मोटर चालू केली. म्हणजे लाईन कधी येते हे त्याला ठाऊक, तो गावचाच. पण बागेवर त्याचा जीव नाही, नाहीतर हातचा बहार असा बिघडवला नसता. एवढ्याशा चिखलात अख्खा माणूस उभा केलास की रे! पेन्सिल घेऊन पुढची तेरा पानं वाचली. चिखलाचं नावसुद्धा नाही. तो धागा नव्हताच, तुझा आंधळेपणा होता. जन्म संत्र्याच्या बागेत गेला ना तुझा?

आणि खुनी कोण, तर सोळाव्या पानावर पहिल्यांदाच उगवलेला जुळा भाऊ. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने 1929 मध्येच रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. गुन्हेगार सुरुवातीलाच कुठेतरी दिसला पाहिजे, आणि जुळे आणायचे तर वाचकाला आधी चाहूल हवी. तुझ्या आजोबांच्या काळातच तुझी चोरी पकडून ठेवलीय.

शेवटच्या पानावर बंद खोलीचं कोडं सुटेना, तर भूत आणलंस. भुताला माझी ना नाही. नारायण धारपांच्या भुतांनी माझ्याही रात्री खाल्ल्या आहेत. पण भुतालाही कायदा लागतो. ते भिंतीतून जाणार असेल, तर सोळा पानं त्या कुलपाचं कौतुक कशाला?

‘वाचकाले समजू नये म्हणून लपवलं, सर,’ म्हणे! लपवणं काय असतं ते ऐक. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला जयंत नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ पाठवली, नारायण विनायक जगताप या नावाने. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नीकडून लिहून घेतली होती. आता ना. वि. ज. उलटं वाच. ज. वि. ना., जयंत विष्णू नारळीकर! परीक्षकांच्या नाकासमोर नाव होतं आणि त्यांनी पहिलं बक्षीस देऊन टाकलं. तू मात्र कपाटात कोंबतोस आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवतोस.

ओव्हरकोट काढ. जुळा काढ. भूत तर काढच. चिखल राहू दे.

ऊठ आता. घरी जाऊन बाबांना विचार, ताणावरच्या बागेत कोणी रात्री पाणी सोडलं तर काय होतं. ते जे बोलतील ते शिव्यांसकट लिहून आण.